आत्याबाईंचा तिसरा प्रश्न

आत्याबाईंची आणि माझी ओळख झाली ती मी त्यांच्या डोळ्यांदेखत एका यंत्राचा जीव घेतला तेव्हा. नोकरीचा दुसरा दिवस होता आणि मला चहाची तल्लफ आली होती. चाचणीच्या खोलीत पाणी तापवायची किटली होती, पण भिंतीवरच्या प्रत्येक सॉकेटात काही ना काही खुपसलेलं. त्यातली एक पिन मला अगदीच निरुद्योगी वाटली. तिची वायर टेबलावरच्या एका पांढऱ्या पेटीत जात होती आणि पेटीवर पिवळा दिवा नुसता लुकलुकत होता. लुकलुकणारा दिवा म्हणजे यंत्र जांभया देतंय, अशी तोवर माझी समजूत होती. मी पिन उपटली आणि किटलीची खुपसली.

"किती वाजले?" मागून एका बाईंचा आवाज आला.

"अकरा वीस," मी म्हणालो. नव्या नोकरीत माणूस वेळ फार आनंदाने सांगतो.

"बरोबर. लिहून ठेवते. गेलं ते."

मी वळून पाहिलं. पन्नाशी उलटलेल्या, ठेंगण्या, चष्मा कपाळावर चढवलेल्या बाई वहीत खरोखरच काहीतरी लिहीत होत्या. मी घाईघाईने पिन परत लावली. पिवळा दिवा पेटला नाही. हिरवाही नाही. कुठलाच नाही.

"आता चहा घ्याच," त्या म्हणाल्या. "त्याच्यासाठीच गेलंय बिचारं."

मग त्यांनी पेटीचे आठ स्क्रू काढले, आतल्या एका बोटभर चिपेला बारीक चिमटा लावला आणि दुपारचे साडेतीन वाजेपर्यंत तिच्यात पुन्हा प्राण भरत बसल्या. मला एका शब्दाने रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मी सुटलो असतो.

आमची कंपनी श्वासयंत्रं बनवते. ज्यांची छाती आपणहून हलत नाही त्यांच्या फुप्फुसात हवा ढकलणारी पेटी. माझं काम त्या पेटीसोबत जाणाऱ्या माहितीपुस्तिका लिहिण्याचं. आत्याबाईंचं काम काय, हे समजायला मला वर्ष लागलं. तुमचं वर्ष वाया जाऊ नये म्हणून चार ओळींत सांगतो.

पेटीच्या आत दोघे राहतात. थोरला म्हणजे एक छोटा संगणक. पडदा, बटणं, नेटवरची बोलणी सगळं तो बघतो. त्याच्या गाभ्याला ही संगणकवाली मंडळी कर्नल म्हणतात. धाकटा म्हणजे एक लहानसं सर्किट. ते हवेचा पंखा फिरवतं आणि नळी निसटली की भोंगा वाजवतं. या धाकट्याच्या डोक्यात जे कायमचं भरलेलं असतं ते फर्मवेअर. थोरला आणि धाकटा एकमेकांशी थेट बोलत नाहीत, हे बऱ्याच घरांत असतं. मग मध्ये एक सून लागते, जिला दोघांची भाषा कळते. ती सून म्हणजे ड्रायव्हर. राहते थोरल्याकडे, कर्नलच्या ऐन माजघरात. आणि धाकट्याच्या डोक्यातलं जुनं पुसून नवं भरायचं कामही तिच्याच गळ्यात. ते भरलं जात असताना धाकटा काहीही करू शकत नाही. पंखा बंद, भोंगा बंद. मध्येच कुणी पिन उपटली तर त्याच्या डोक्यात ना जुनं उरतं ना नवं.

ही सून आत्याबाईंनी घडवली होती. सव्वीस वर्षं घडवत होत्या.

त्यांना आत्याबाई हे नाव कुणी ठेवलं ठाऊक नाही, पण ठेवणाऱ्याला माणसं कळत होती. वडिलांची बहीण जशी भावाच्या घरात कुठल्याही खोलीत शिरते आणि 'हे इथे कुणी ठेवलं' म्हणून विचारते, तशा त्या कुणाच्याही कामात शिरत. समोरच्याने 'मीच ठेवलं' म्हटलं की मात्र बसून त्याला मदत करत. साहेबसुद्धा त्यांना आत्याबाईच म्हणत, फक्त आवाज जरा खाली घेऊन.

त्यांचा एक नियम होता. जुनं हाताशी असल्याशिवाय नवं नाही. धाकट्याच्या डोक्यात दोन कप्पे हवेत, नवं भरायचं ते रिकाम्या कप्प्यात, ते नीट चालतंय अशी खात्री पटली की मगच जुन्यावर बोळा फिरवायचा, हा त्यांचा आग्रह. जुन्या बनावटीच्या पेट्यांत एकच कप्पा होता आणि त्या पेट्यांचा विषय निघाला की आत्याबाई तोंड असं करत की जणू कुणी बिनकठड्याचा जिना बांधून ठेवलाय. हा नियम घरीही लागू होता. नवा फ्रिज आला तेव्हा जुना पंधरा दिवस त्याच्या शेजारी चालू होता. नव्या चपला घालून निघाल्या की जुन्या पिशवीत. त्यांचे यजमान पोस्टातून निवृत्त झालेले, बोलके गृहस्थ. मी पहिल्यांदा घरी गेलो तेव्हा मला बाजूला घेऊन म्हणाले, "एकतीस वर्षं झाली लग्नाला. पण अजून हिला माझी खात्री पटलेली नसावी. अधूनमधून कपाट उघडून बघतो, आधीचा कुणी आत ठेवलाय का."

"ठेवला असता," आतून आवाज आला. "जागा कुठंय? तुमच्या जुन्या छत्र्यांनी भरलंय कपाट."

याच घरी मला तिसऱ्या प्रश्नाची गोष्ट कळली.

नवं फर्मवेअर भरण्याआधी आत्याबाईंचा ड्रायव्हर धाकट्याला तीन प्रश्न विचारी. तू कोण? तुझ्या डोक्यात आत्ता काय आहे? आणि आत्ता तू कुणाला जोडलेला आहेस का? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं जुळली, पण तिसऱ्याला 'हो' आलं, की ड्रायव्हर हात लावत नसे. गप्प बसे. पुन्हा पुढच्या वेळी विचारी. त्यांच्या घरी बसून पुस्तिकेत हे लिहिताना मी सहज म्हणालो, "तिसरा प्रश्न छान आहे हो. कसा सुचला?"

आत्याबाई भाजी निवडत होत्या. हात न थांबवता त्यांनी सांगितलं.

"आधी नव्हता. आधी दोनच होते. पेटी सुरू झाली, नवं दिसलं, की भर, असं मीच लिहिलेलं. एका इस्पितळात दिवसा वीज गेली आणि आली. पेटी बंद होऊन परत सुरू झाली. नळी माणसाला जोडलेलीच होती. ड्रायव्हरला नवं दिसलं. त्याने भरलं. दीड मिनिट."

"मग?"

"वाचले ते गृहस्थ. मी बघायला गेले होते. मुलगी उशाशी बसलेली. त्यांना तिचं नाव आठवत नव्हतं. ती रोज सांगायची आणि ते रोज 'बरं' म्हणायचे."

यजमानांनी टीव्हीचा आवाज कमी केला होता, तो परत वाढवला. चौकशीत काय निघालं, असं मी विचारलं. वीज मंडळाचा दोष निघाला, असं त्या म्हणाल्या, आणि देठांचा ढीग कागदात गुंडाळून उठल्या.

यानंतर पाच-सहा वर्षं बरी गेली. मी पुस्तिका लिहीत होतो. मला एक लकब जडली होती, आणि खरं सांगायचं तर तिचा मला अभिमान होता. कुठलीही भीतीदायक गोष्ट मी अशी लिही, की वाचणाऱ्याला कुणी खांद्यावर शाल घातल्यासारखं वाटावं. 'स्फोट होईल' असं कुणी लिहून दिलं की मी 'अनपेक्षित परिणाम संभवतात' करी. साहेब म्हणत, तुमच्या हातात लोणी आहे.

गेल्या वर्षी एका सोमवारी सकाळी आत्याबाई साहेबांच्या खोलीत गेल्या आणि दार लावून न घेता बोलल्या, म्हणून आम्हा सगळ्यांना कळलं.

जुन्या बनावटीच्या पेट्यांच्या फर्मवेअरमध्ये एक दोष सापडला होता. पेटी एकूण किती तास चालली हे धाकटा मोजतो. पेटी नव्याने सुरू होते तेव्हा नर्स नळ्या जोडत असते, म्हणून पहिली थोडी मिनिटं भोंगा मुद्दाम गप्प ठेवलेला. ही सुरुवातीची मिनिटं कुणी भल्या माणसाने त्याच तासांच्या आकड्यावरून ठरवली होती. आकडा ठेवायला जागा दिली होती लहान. बत्तीस हजार सातशे सदुसष्ट तास भरले की ती जागा संपते, आकडा उलटून उणे होतो, आणि पेटीला वाटतं आपण अजून सुरूच झालेलो नाही. मग ती भोंगा वाजवत नाही. नळी निसटली तरी नाही. पुन्हा कधीच नाही. बंद करून सुरू केली तरी नाही.

"किती झाले हे तास?" साहेबांनी विचारलं.

"पावणेचार वर्षं. दिवसरात्र चालली तर."

"म्हणजे अजून कुणाला झालं नाहीये."

"नाही. ज्या पेटीने सगळ्यांत जास्त काम केलंय तिला आधी होणार."

नवं फर्मवेअर चार दिवसांत तयार झालं. ते नेटवरून सगळीकडे गेलं, जिथे जिथे पेटी मोकळी होती तिथे ड्रायव्हरने तिन्ही प्रश्न विचारून ते भरलं, आणि सतराशे पेट्या कुणाच्या नकळत बऱ्या झाल्या. नऊ उरल्या. या नऊ पेट्यांना ड्रायव्हर रोज तिसरा प्रश्न विचारत होता आणि रोज उत्तर येत होतं, हो, जोडलेला आहे. कारण ती माणसं पेटीवाचून मिनिटभरही राहू शकत नव्हती. म्हणूनच तर त्यांचे तास भरत आले होते.

"प्रश्न काढून टाका," साहेब म्हणाले. "नऊच पेट्यांसाठी. एक ओळ आहे ना ती?"

"एकच आहे."

"मग?"

"भरायला चार मिनिटं लागतात. चार मिनिटं पंखा बंद. शेजारी कोण आहे, झोपलंय का, बाजारात गेलंय, आपल्याला इथून दिसत नाही. आणि या एका कप्प्याच्या पेट्या. मध्ये काही बिघडलं तर परत यायला जागा नाही. मी नाही काढणार."

"दुसऱ्या कुणाला सांगतो."

"सांगा. पण सांगताना चार मिनिटांचंही सांगा."

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी दुसऱ्या कुणाला सांगितलं नाही. ठरलं असं, की आत्याबाईंनी एक जास्तीची, दुरुस्त केलेली पेटी घेऊन स्वतः जायचं. रुग्णाला आधी तिच्यावर घ्यायचं, मग जुनीत नवं भरायचं, ती चालतेय असं पाहायचं, मग परत अदलाबदल. गोदामात अशी जास्तीची पेटी एकच शिल्लक होती. म्हणजे एकेक करत. आत्याबाईंनी फळ्यावर नऊ ओळी आखल्या. प्रत्येकीपुढे उरलेले तास. ज्याचे कमी ते आधी. सगळ्यांत खाली नववी ओळ, आमच्याच शहरातलं एक घर, तीनशे छत्तीस तास. चौदा दिवस. रोज सकाळी नऊ वाजता त्या प्रत्येक आकड्यातून चोवीस वजा करत आणि मग चपला चढवून निघत.

आणि नऊही ठिकाणी एक पत्र जायचं होतं. ते माझ्याकडे आलं.

मसुदा आत्याबाईंचाच होता. तीन वाक्यांचा. 'अमुक तारखेनंतर नळी निसटली तरी तुमची पेटी वाजणार नाही. आम्ही येईपर्यंत रुग्णाला क्षणभरही एकटं सोडू नका. चूक आमची आहे.' खाली सही.

साहेबांनी मला बोलावलं. "हे असं पाठवायचं? बिचाऱ्यांचा जीव जाईल वाचून. वकीलही नको म्हणतायत. तुम्ही जरा बघा."

मी बघितलं. मी दुपारभर बसून ते पत्र लिहिलं आणि ते उतरलं तेव्हा मला बरंही वाटलं. त्यात लिहिलं होतं की आपल्या यंत्रातील ध्वनिसूचना अधिक सक्षम करणारी एक सुधारणा उपलब्ध झाली आहे, आमचे प्रतिनिधी लवकरच भेट देतील, तोपर्यंत नेहमीप्रमाणे रुग्णाची काळजी घ्यावी. वकिलांनी एकही शब्द बदलला नाही. आत्याबाई त्या दिवशी पहिल्या पेटीपाशी होत्या.

पुढचे दिवस मी फळ्याकडे बघत काढले. एकेक ओळ पुसली जात होती. एका ठिकाणी एकोणीस तास उरले होते तेव्हा त्या पोचल्या. परत आल्या की खुर्चीत बसून डबा उघडत आणि अर्धा खाऊन बंद करत. आठवी पेटी दुसऱ्या गावच्या इस्पितळात होती. तिथे काम झालं, पण जुन्या पेटीची खात्री होईपर्यंत जास्तीची पेटी तिथेच ठेवली होती, आणि तेवढ्यात दुसराच एक रुग्ण आला. इस्पितळात मोकळी पेटी नव्हती. मोठ्या सिस्टरनी आमची पेटी त्याला लावली.

"काढून आणता येईना," शनिवारी आत्याबाई म्हणाल्या. "कुणाच्या नाकातून काढून आणू? सोमवारी संध्याकाळी सोडतील म्हणतायत."

फळ्यावर नवव्या ओळीपुढे अठ्ठेचाळीस होते. सोमवारी सकाळी नऊला शून्य.

"फोन करा की त्यांना," मी म्हणालो.

"केला. आपल्याकडे नंबर आहे तो पेटी विकणाऱ्या दुकानाचा. दुकान बंद झालंय. पत्ता आहे तेवढा." त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "घरी बाई आजारी आहेत आणि यजमान आहेत, दोघंच. मी आजच जाऊन सांगून आले असते. पण पत्र पोचलंय ना. पोचपावती आलीय. त्यात लिहिलंय ना एकटं सोडू नका म्हणून? मग मंगळवारी पेटी घेऊनच जाते. रिकाम्या हाताने जाऊन त्यांना नुसतं घाबरवायचं कशाला?"

हा प्रश्न त्यांनी माझ्याकडे पाहून विचारला होता. मी म्हणालो, "हो, त्या अर्थाचं आहे."

हे चार शब्द मी पुष्कळदा परत उच्चारून पाहिले आहेत. त्यांत खोटं असं काही सापडत नाही.

मंगळवारी सकाळी मी आत्याबाईंबरोबर गेलो. पेटी जड होती आणि त्यांच्या पाठीने दोन आठवड्यांत संप पुकारला होता. तिसरा मजला, लिफ्ट नाही. दोन कान धरून आम्ही ती दोघांनी वर नेली. मधल्या वळणावर त्या म्हणाल्या, "हळू. यात नवं आहे." मी हसलो. दारापाशी पोचलो तर बाहेर चपला होत्या. पाच-सहा जोड. दार उघडंच होतं.

आत खुर्च्यांवर दोन-तीन शेजारी बसलेले. जमिनीवर सतरंजी. खिडकीशी एक लोखंडी पलंग, गादी गुंडाळलेली, आणि पलंगाशेजारी स्टुलावर आमची पेटी. पडदा काळा. नळी तिच्याभोवती व्यवस्थित गुंडाळून रबर लावलेलं.

सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ पुढे आले. गाडी चालवायला शिकवायचे, पुढे नजर अधू झाली तेव्हा सोडलं, असं नंतर बोलण्यात आलं. त्यांनी आमच्या हातातल्या पेटीवरचं कंपनीचं चिन्ह पाहिलं.

"इतक्यात कळलं तुम्हाला?" ते म्हणाले. "कालच गेली. या, बसा. पेटी न्यायला आलात ना?"

आत्याबाईंनी पेटी खाली ठेवली. माझ्या बाजूने ती जरा आपटली.

"किती वाजता?" त्यांनी विचारलं.

"दुपारी. दोन-सव्वादोन. मी गॅलरीत कपडे वाळत घालत होतो. रोजचंच. तिला सांगून जायचो, आलोच म्हणून. ती डोळे मिटायची, म्हणजे जा. काल चादरी होत्या, म्हणून जरा वेळ लागला." ते पलंगाकडे बघत होते. "आलो तर नळी निसटलेली. पावणेचार वर्षांत सात वेळा निसटली असेल. दरवेळी ती पेटी असा टाहो फोडते, की खालच्या मजल्यावरच्या वहिनी धावत यायच्या. काल मला ऐकूच आलं नाही."

एक शेजारी म्हणाले, "वाऱ्याचा आवाज असेल हो, भाऊ. गॅलरीत कुठं ऐकू येतं."

"वारा नव्हता. कानच गेले माझे. मुलगी कधीपासून म्हणत होती, बाबा कान तपासून घ्या. मी टाळत आलो." त्यांनी उजव्या कानाला हात लावला. "मी टाळलं आणि ती गेली."

मी मान खाली घातली. मला वाटलं, आता काहीतरी मऊ बोलावं. काका, असं मनाला लावून घेऊ नका, वगैरे. माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. आत्याबाई सतरंजी ओलांडून पेटीपाशी गेल्या.

"काका, मी ही सुरू करू?"

"करा. तुमचीच आहे."

त्यांनी बटण दाबलं. पडदा उजळला, पंखा फिरायला लागला. नळी कुणालाच जोडलेली नव्हती. अशा वेळी भोंगा वाजायला हवा. आम्ही उभे राहिलो. मिनिट गेलं. खाली रस्त्यावर कुणीतरी स्कूटरला लाथा मारत होतं, ती सुरू झाली आणि निघून गेली. स्वयंपाकघरात नळ ठिबकत होता, तोही ऐकू येत होता. दहा मिनिटं आम्ही तसेच. शेजारी एकमेकांकडे बघायला लागले. पेटी नुसती हवा सोडत राहिली.

"नळ ऐकू येतोय तुम्हाला?" आत्याबाईंनी विचारलं.

"येतोय."

"मग तुमचे कान शाबूत आहेत. ही वाजलीच नाही काल. काल सकाळी नऊपासून ही वाजू शकत नव्हती. आमची चूक आहे. आम्हाला तीन आठवड्यांपासून माहीत होतं."

 काका आतल्या खोलीत गेले आणि एक लिफाफा घेऊन आले. वरून नीट कापून उघडलेला.

"पण तुमचं पत्र आलं होतं की," ते म्हणाले. कुणाची तरी बाजू घ्यावी तसे. "मी दोनदा वाचलं. फार चांगलं लिहिलंय. ध्वनिसूचना अधिक सक्षम करणार, असं आहे. मी हिलाही वाचून दाखवलं. मुलगी परदेशात असते, गुरुवारी पोचणार आहे, तिला दाखवणार होतो. नेहमीप्रमाणे काळजी घ्या, लिहिलंय. मी नेहमीप्रमाणेच घेतली."

आत्याबाईंनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला आणि पत्र वाचलं. ते त्यांनी तोवर पाहिलेलं नव्हतं. छोटं पत्र, वाचायला अर्धं मिनिटही लागत नाही. त्यांनी ते दोनदा वाचलं असावं. माझ्याकडे पाहिलं नाही.

मग त्यांनी तिथेच, पेटीवर कागद टेकवून, पत्राच्या मागे लिहिलं. दोष काय, कधी सापडला, आकडा केव्हा उलटला, भोंगा का वाजला नाही. खाली सही, नोकरीचा क्रमांक, घरचा पत्ता. सगळं अक्षर एका उंचीचं.

"कंपनीतलं कुणी वेगळं सांगायला आलं तर हा कागद दाखवा," त्या म्हणाल्या. "आणि मुलीला सांगा कानांचं. आजच सांगा, गुरुवारची वाट बघू नका."

"तुमची नोकरी जाईल, ताई," काका म्हणाले.

"जाईल."

"मग कशाला?"

"तुम्ही उद्यापासून कान तपासत बसाल म्हणून."

काकांनी कागद घडी करून खिशात ठेवला. नंतर ते पलंगाच्या कडेवर, गुंडाळलेल्या गादीशेजारी बसले आणि त्यांनी डोळे मिटले. रडले नाहीत. शेजाऱ्यांपैकी एकाने आम्हाला पाणी आणून दिलं. ते मी प्यायलो, कारण ग्लास हातात घेऊन उभं राहणं जमेना.

जुनी पेटी आत्याबाईंनी तिथेच राहू दिली. मुलगी येईल, कुणी तपासायला येईल, तर ती तशीच हवी, म्हणाल्या. आम्ही आणलेली नवी मात्र परत न्यायची होती. दुसऱ्या गावच्या मोठ्या सिस्टर पुढच्या रुग्णासाठी तिची वाट बघत होत्या. पुन्हा दोन कान धरले आणि उतरायला लागलो. आत्याबाई पुढे, म्हणजे खालच्या बाजूला, मी वर.

पहिलं वळण आलं.  त्यांच्या मानेच्या मागे घामाने केस चिकटले होते. मला वाटलं, या आता म्हणतील, तुमचा काय दोष, साहेबांनी सांगितलं, वकिलांनी मान्य केलं. त्या तसं म्हणाव्यात म्हणून मी तो प्रश्न विचारला, हेही कबूल करतो.

"आत्याबाई, मी तुमची ती तीन वाक्यं तशीच ठेवली असती, तर काकू..."

"वाचल्या असत्या; तुमच्या बाजूने पेटी जरा उचलून धरा."